माळ्यावरची वाट

कोकणातले घर एकदा बांधून संपत नाही. मूळचे चौपाखी घर उभे राहते. मग कुणाच्या लग्नाच्या निमित्ताने पुढे पडवी निघते, गुरे वाढली की मागे गोठा लांबतो, एखादी खोली बाळंतिणीसाठी आडोशाला काढली जाते, आणि दोन पिढ्या लोटल्यावर मूळ घर कुठे संपले व वाढीव कुठे सुरू झाले हे घरातल्या माणसांनाही नेमके सांगता येत नाही. ते सांगतो पाऊस. मृगाची पहिली दमदार सर आली की जुन्या आणि नव्या छपराच्या सांध्यातून पाणी टपकू लागते, खाली पातेले लावले जाते, आणि त्या पातेल्याच्या जागेवरून घराची वंशावळ वाचता येते. जुने आणि नवे एकमेकांना चिकटून उभे असले, तरी दोहोंची लाकडे वेगवेगळ्या उन्हात वाळलेली असतात.

रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठची चढण चढून गेल्यावर लागणाऱ्या एका घराला अलीकडे असाच एक नवा भाग जोडला गेला. या खेपेस मात्र सांधा पावसाने दाखवला नाही. तो दाखवला डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरींनी.

घर जुने, बहुधा शंभरीच्या आसपासचे. पुढे ओटी, तिच्यामागे माजघर, माजघराच्या एका अंगाला देवघर व दुसऱ्या अंगाला कोठीची खोली, त्यामागे स्वयंपाकघर, आणि या सगळ्यांच्या डोक्यावर एकसलग माळा. छपरावर मंगलोरी कौले. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ती लाल कौले गलबतांतून साऱ्या किनाऱ्यावर पसरली. या घरानेही नळ्यांचे जुने छप्पर उतरवून कधीतरी ती स्वीकारली. भिंती मात्र पहिल्यापासून जांभ्याच्या, दीड फूट रुंदीच्या. जांभा हा दगड मोठा विलक्षण. खाणीत तो मऊ असतो, हत्याराने कापता येतो. बाहेर काढून वारा लागला की कठीण होत जातो. फ्रान्सिस बुकानन याने केरळात अंगाडिपुरमला तो पाहिला आणि १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तात, लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून, त्याला ‘लॅटराइट’ हे नाव दिले. कोकणातल्या पाथरवटाला त्या नावाची गरज नव्हती. तो चिरे पाडत होता आणि गवंडी ते रचत होता. या दगडाचा तांबूस रंग त्यातल्या लोहाचा. अंगावर असंख्य छिद्रे. पावसाळ्याचे चार महिने ही छिद्रे पाणी पितात आणि भिंत आतून ओली राहते, इतकी की माजघरातल्या खुंटीवरचा सदरा सकाळी दमट लागतो.

या घरात गेली काही वर्षे एकट्या काकूच राहत होत्या. त्यांना काकू म्हणणारे सगळे मुंबईला आणि पुण्याला, मुलगी वडोदऱ्याला. गणपतीत घर भरे, मे महिन्यात आंब्यांच्या निमित्ताने पुन्हा भरे, आणि मधल्या काळात सात खोल्यांतल्या दोनच वापरात असत. २०२० साली टाळेबंदी आली. तेव्हा धाकट्या दिरांचा मुलगा आणि त्याची बायको चार महिन्यांसाठी म्हणून आली, परत गेली, आणि दोन वर्षांनी कायमची राहायला आली. गोठा रिकामाच होता. त्याचे जोते तसेच ठेवून त्यावर दोन खोल्या बांधल्या: सिमेंटचे खांब, वर स्लॅब, मोठ्या काचेच्या खिडक्या. एक खोली झोपायची, दुसरी कामाची. सून एका सॉफ्टवेअर कंपनीत. तिची बैठक अमेरिकेतल्या माणसांशी, म्हणून तिचे खरे काम दिवेलागणीनंतर सुरू होई. पुतण्या इमारतींचे नकाशे काढणारा. त्याच्या फायली जड, पाठवायला वेळ घेणाऱ्या.

इंटरनेटची तार मात्र रस्त्याच्या बाजूने येते, आणि रस्ता ओटीच्या पुढे. काकूंच्या मुलीने दोन वर्षांपूर्वी आग्रहाने ही जोडणी घेऊन दिली होती. ओटीच्या कोपऱ्यात, झोपाळ्याच्या कडीच्या बाजूला, खुंटीच्या उंचीवर ती पांढरी डबी बसवलेली. ओटीवर सारे सुरळीत. माजघरात पाऊल टाकले की वेग अर्ध्यावर येई, आणि नव्या खोल्यांत टेबलावरचा संगणक त्या डबीचे नावही ओळखत नसे. मध्ये जांभ्याच्या तीन भिंती होत्या, आणि चौथी सिमेंटची.

यावर सरळ उपाय होता. नव्या खोल्यांत दुसरी जोडणी घ्यायची. महिन्याचा खर्च एखाद्या माणसाच्या चहापाण्याइतका. जोडणी देणाऱ्या माणसाने तोच सांगितला, शेजाऱ्यांनीही. पुतण्याने तो घेतला नाही, आणि त्याचे कारण शहरातल्या माणसाला पटकन कळणार नाही. नव्या भागासाठी विजेचा मीटर आधीच वेगळा घ्यावा लागला होता, कारण जुन्या घराच्या तारांना एअर कंडिशनरचा भार सोसणारा नव्हता. मीटर वेगळा झाल्याचे गावात चार ठिकाणी बोलून झाले होते. कोकणात ‘वेगळे झाले’ हे दोन शब्द फार जड आहेत. त्यांच्यामागे चुली, वाटण्या, सातबाऱ्यावरची नावे, पोफळीची मोजदाद आणि कोर्टाच्या पायऱ्या असतात. मीटरनंतर तारही वेगळी झाली असती तर पुढचा शब्द चूल हाच होता. काकू स्वतः काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या जोडणीची गोष्ट निघाली तेव्हा त्यांनी चहाचे कप उचलले आणि त्या आत गेल्या. एरवी कप उचलायची त्यांना घाई नसे.

तेव्हा एकच तार आणि तीच मागे न्यायची, असे ठरले. 

पहिला प्रयत्न सोपा होता. माजघराच्या दारावर एक उपकरण लावायचे, जे पुढचे ऐकेल आणि तेच मागे पुन्हा बोलेल. रिपीटर. पण एकाच तोंडाने ऐकायचे आणि बोलायचे असल्याने त्याचा निम्मा वेळ ऐकण्यात जातो, आणि जे मुळात अस्पष्ट ऐकू येते ते तो तितकेच अस्पष्ट पुढे सांगतो. आषाढात भिंती भिजल्यावर तर तो नुसताच लुकलुकत राहिला. पाणी या लहरी शोषून घेते. दुसरा प्रयत्न विजेच्या तारांतूनच संदेश नेण्याचा. त्याची जोड-उपकरणे मिळतात. पण त्यांना दोन्ही टोके एकाच मीटरखाली असावी लागतात. इथे मीटर दोन. घर एक आहे की दोन, या प्रश्नावर निदान वीज मंडळाचे उत्तर तयार होते.

माणसाने या लहरींना बिनतारी म्हटले, हे एका अर्थी फसवे आहे. हवेतला तेवढा शेवटचा टप्पा बिनतारी; त्याच्या मागे मैलोगणती तार असते. शब्दांनी असा चकवा पूर्वीही दिला आहे. १९७३ साली कॅलिफोर्नियात, झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात, रॉबर्ट मेटकाफ याने एका इमारतीतले संगणक एका तारेने जोडण्याची कल्पना टिपण करून मांडली आणि तिला ‘ईथरनेट’ नाव दिले. ईथर म्हणजे प्रकाश ज्यातून जातो असे एकोणिसाव्या शतकाने मानलेले सर्वव्यापी द्रव्य. ते असल्याची खूण मायकेलसन आणि मोर्ली यांच्या १८८७ च्या प्रयोगात सापडली नाही, आणि पुढे भौतिकीने ते टाकून दिले. टाकलेले नाव एका जाड केबलला मिळाले! आपल्याकडे वैशेषिकांनी शब्दाला आकाशाचा गुण मानले होते आणि वेदान्त्यांनी घटाकाश-मठाकाशाचा दृष्टान्त दिला होता: घडा फुटला काय आणि मठाची भिंत पडली काय, आकाश अखंडच असते. दृष्टान्त म्हणून तो थोर आहे. जांभ्याची ओली भिंत त्याला फारशी दाद देत नाही, इतकेच.

मेटकाफच्या कल्पनेमागे आणखी एक गोष्ट होती. हवाई बेटांवरच्या विद्यापीठाने १९७१ मध्ये निरनिराळ्या बेटांवरची यंत्रे रेडिओलहरींनी जोडली होती. सगळ्यांनी एकाच लहरीवर बोलायचे. दोघे एकदम बोलले आणि बोलणे एकमेकांवर आदळले तर दोघांनीही गप्प राहायचे, प्रत्येकाने आपापल्या मनाने थोडा वेळ थांबायचे आणि मग पुन्हा बोलायचे. मेटकाफने यात भर घातली: बोलण्याआधी कुणी बोलत नाही ना हे ऐकून घ्यायचे. एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला यात नवे काही वाटणार नाही. फरक एवढाच की यंत्रे थांबण्याचा काळ दर खेपेस चिठ्ठी टाकल्यासारखा ठरवतात; घरात कोण किती थांबणार हे मानावरून ठरत असे आणि सुनांची पाळी शेवटी येत असे.

सुनेनेच मग घराचा नकाशा कागदावर काढला. नवऱ्याला काढू दिला नाही. त्याचा नकाशा मापात बसला असता, पण तिला हवा होता तो वेगळा. हातात मोबाइल घेऊन ती खोलीखोलीतून हिंडली आणि जिथे उभी राहिली तिथे लहरीची ताकद आकड्यात लिहीत गेली. हे आकडे उणे असतात. ओटीवर उणे ३८. माजघरात उणे ६१. देवघराच्या उंबऱ्यावर उणे ६९. या मोजणीत दहाची उतरण म्हणजे ताकद दहाव्या हिश्श्यावर येणे. वीसची म्हणजे शंभराव्या. स्वयंपाकघरात, चुलीच्या ओट्यापाशी, आकडा उणे ८२ झाला आणि तिथून पुढे यंत्राने आकडा देणेच सोडले. ओटीवरच्या ताकदीचा दहा हजारावा भागही चुलीपर्यंत पोचत नव्हता.

तिला हा आकडा लिहिताना कसलेसे वाटले असावे, कारण तिने त्याभोवती गोल काढला. गेले कित्येक महिने घरात एकच चर्चा चालू होती, नव्या भागात लहरी कशा न्यायच्या याची. ज्या भागात त्या कधीच नव्हत्या तो जुनाच होता, आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढले नव्हते. ज्यांच्या नावावर जोडणी होती त्या काकूंचा दिवस पहाटे पाचपासून तिथे जाई. मुलीचा फोन संध्याकाळी सातला येई. सव्वासहापासून काकू भाकऱ्या थापत. पावणेसातला तवा उतरवून, हात पुसून, चष्मा शोधून त्या ओटीवर झोपाळ्यापाशी येऊन बसत आणि मोबाइल समोर धरून वाट पाहत. फोन संपला की आत जाऊन पुन्हा चूल पेटवत. मुलीने इतक्या वर्षांत पडद्यावर पाहिले होते ते आईचा चेहरा, मागची खुंटी आणि एका सहकारी बँकेची दिनदर्शिका.

काकूंना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “अगं, तिथे रेंज नसतेच. स्वयंपाकघर ते.” जणू ती त्या खोलीची रीतच होती. आणि एका परीने होतीही. या घरात बाहेरून जे जे आले ते आधी ओटीवर थांबले. वर्तमानपत्र ओटीवर, पोस्टमन ओटीवर, काकूंच्या सासऱ्यांनी घेतलेला रेडिओ ओटीवरच्या फळीवर. १९३३ च्या कायद्याने रेडिओ बाळगायला परवाना लागे. दर वर्षी पोस्टात पैसे भरून त्याची पुस्तिका भरून आणावी लागे, आणि घरगुती रेडिओची ही कटकट ऐंशीच्या दशकात संपली. तो फळीवरचा रेडिओ स्वयंपाकघरात ऐकू यावा म्हणून कुणी मोठा करीत नसे. पुरुषांच्या बातम्या संपल्यावर बायका माजघराच्या दाराशी येऊन गाणी ऐकत. विजेचा पहिला दिवा ओटीवर लागला. टेलिफोनही तिथेच आला, नव्वदीच्या दशकात, आणि नऊ वर्षांच्या प्रतीक्षेनंतर. भिंती लहरींना आता अडवतात. रीत त्याआधीपासून अडवत होती.

तार भिंतीतून न्यायची तर भोक पाडायला हवे. ओटी आणि माजघर यांच्यामधली भिंत पाडलेली नाही, फोडलेली नाही, आणि तिच्या वरच्या थरात घर बांधताना काय ठेवले आहे याबद्दल काकूंच्या काही समजुती होत्या ज्या त्या पुरत्या सांगत नसत. त्यांना दुखवून ड्रिल लावायची पुतण्याची तयारी नव्हती. आणि घर सामाईक. मुंबईच्या चुलतभावांनी उद्या विचारले असते की न विचारता भिंत का फोडली, तर त्यालाही उत्तर नव्हते. तेव्हा भिंतीतून जायचे नाही, मग कुठून, असा विचार करता करता त्याचे लक्ष वर गेले. या घरांच्या आतल्या भिंती छपरापर्यंत जात नाहीत. त्या तुळयांपाशी थांबतात. वरचा माळा सगळ्या खोल्यांना मिळून एकच असतो. खाली सात खोल्या, वर एक. 

माळ्यावर कित्येक वर्षांत कुणी गेले नव्हते. शिडी लावून वर गेल्यावर जे सापडले त्याची यादी देण्यासारखी आहे, पण ती प्रत्येक कोकणी माळ्याची असते: पाळणा, तांब्याचा फुटका हंडा, इरली, लग्नातल्या पाटांची चळत, उंदरांनी कुरतडलेले पोथ्यांचे बस्ते, आणि एका कोपऱ्यात उदमांजराने फणसाच्या आठळ्यांचा केलेला ढीग. या सगळ्यांवरून, आढ्याखालच्या तुळईला धरून, एक तांब्याची तार गेलेली होती. तिच्या दोन्ही टोकांना चिनी मातीच्या गोट्या. एक टोक ओटीच्या बाजूला फळीच्या बरोबर वर खाली उतरत होते. दुसरे मागच्या पाखाखालून बाहेर जाऊन गोठ्याच्या छपरावर कधीकाळी बांधलेले असावे, कारण तिथे वाशाला नुसता पीळ उरला होता. सासऱ्यांच्या रेडिओची एरियल. बातम्या खरखर न होता ऐकू याव्यात म्हणून त्यांनी साठ वर्षांपूर्वी नेमकी तीच वाट काढली होती जी नातवाला हवी होती, पुढच्या ओटीपासून मागच्या गोठ्यापर्यंत, एकही भिंत न दुखवता. त्यांच्या काळी लहरी मागून पुढे येत. आता त्या पुढून मागे जायच्या होत्या.

वाट मिळाल्यावर तारेचा प्रश्न. इथे काकूंचा एक नियम आडवा आला, आणि तो नियम शहाणपणाचा निघाला. वळवाच्या आणि परतीच्या पावसात इथे विजा फार होतात. ढग गडगडू लागले की काकू ओटीवरचा मुख्य खटका पाडून टाकत, दिवे, पंखा, ती पांढरी डबी, सगळे बंद. सून अमेरिकेतल्या माणसांशी बोलत असली तरी. पहिल्या वर्षी यावरून धुसफूस झाली होती. सुनेला वाटे, ही जुनी भीती आहे. पण पुतण्याने माहिती काढली तेव्हा कळले की दोन मीटर म्हणजे जमिनीत गाडलेल्या दोन वेगळ्या अर्थिंग. जवळपास वीज पडली तर दोन्ही ठिकाणच्या जमिनीचा दाब क्षणभर सारखा राहत नाही, आणि मध्ये तांब्याची तार असेल तर तो फरक तिच्यातूनच धावत सुटतो. दोन्ही टोकांची उपकरणे जळतात. सासऱ्यांचा रेडिओ असाच एका आश्विनात गेला, हे काकूंनी त्या वेळी सांगितले. त्याआधी कुणी विचारलेच नव्हते.

म्हणून दोन भागांच्या मध्ये तांबे नको, काच हवी. काचेच्या तंतूतून प्रकाश जातो, वीज जात नाही. हा तंतू केसाएवढा बारीक, आणि प्रकाश त्यातून सरळच नव्हे तर वळणावळणानेही जातो, आतल्या आत परावर्तित होत. १८५४ साली लंडनमध्ये जॉन टिंडल याने भांड्यातून पडणाऱ्या पाण्याच्या धारेत प्रकाश सोडून तो धारेबरोबर वाकतो हे लोकांना दाखवले होते. पावसाळ्यात पन्हळीच्या धारेपाशी कंदील धरणाऱ्या पोरांनी त्यातले थोडे पाहिलेले असते. पंजाबातल्या मोगा गावी जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांनी १९५४ मध्ये लंडनमध्येच हॉपकिन्स यांच्याबरोबर अशा काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचवले, आणि या विद्येला पुढे रूढ झालेले नावही त्यांनीच प्रचारात आणले. भारतात सामान्य माणसाला इंटरनेट मिळाले १५ ऑगस्ट १९९५ ला, तेव्हा ते टेलिफोनच्या तांब्याच्या तारेतून कुरकुरत येई. आता काचेचा तंतू खेड्यातल्या झोपाळ्यापर्यंत आला आहे. तो आणखी वीस-पंचवीस मीटर आत न्यायचा, एवढेच काम उरले होते.

गावातला वायरमनचे काम करणारा मुलगा दोन दिवस माळ्यावर होता. तंतू उंदरांसाठी प्लास्टिकच्या नळीत घातला. त्याला काटकोन सोसत नाही, म्हणून प्रत्येक वळणाला हातभर गोलाई ठेवली. नळी तुळईला बांधली ती जुन्या एरियलच्या शेजारून. एरियल काढून तांबे विकू का, असे त्याने विचारले तेव्हा पुतण्याने ती तशीच राहू दिली, फक्त तिची बाहेर उतरणारी टोके तोडून घेतली. मागच्या पाखाखालून तंतू नव्या खोलीत उतरला. तिथे एक छोटे उपकरण प्रकाशाचे पुन्हा विजेच्या संकेतांत रूपांतर करते. त्या रात्री सुनेची बैठक दोन तास चालली आणि एकदाही तुटली नाही. विजा नव्हत्या, हेही खरे. त्यांच्यासाठी दोन्ही टोकांना बॅटरीचे लहान डबे नंतर आले, आणि ओटीवरचा खटका पाडण्याचा काकूंचा अधिकार अबाधित राहिला.

त्यानंतर राहिला तो नकाशावरचा गोल. तिथे न्यायची तार घराच्या आतच राहणार, एकाच मीटरखाली, म्हणून तांबे चालणार होते. या तारेत आठ धागे असतात, दोन-दोनांच्या चार जोड्या, आणि प्रत्येक जोडी पिळलेली. पिळण्याची युक्ती अलेक्झांडर ग्रॅहम बेलची, १८८१ ची: तारा पिळल्या की बाहेरचा गोंगाट दोन्ही धाग्यांवर सारखा पडतो आणि वजा होतो. चारही जोड्यांचा पीळ मुद्दाम कमीजास्त ठेवतात, नाहीतर त्या एकमेकींचे बोलणे ऐकू लागतात. वीजही याच तारेतून देता येते, हे इथे फार उपयोगी पडले, कारण स्वयंपाकघरात मिक्सरचा एकच खटका होता आणि तो काकू कुणाला देणार नव्हत्या.

लहरी सोडणारे उपकरण बसवायचे कुठे? चुलीचा धूर, फोडणीची वाफ, वर काळवंडलेले वासे. वायरमनने सुचवलेली प्रत्येक जागा काकूंनी नाकारली आणि शेवटी स्वतःच एक दाखवली. माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीत एक दिवळी आहे, आरपार. वीज नव्हती तेव्हा तिच्यात चिमणी ठेवली की एकाच दिव्याचा उजेड दोन्ही खोल्यांत पडे. रॉकेल निम्मे लागे. दीड फुटाच्या भिंतीतले हे एकच भोक होते, आणि ते मुद्दाम ठेवलेले होते. वीज आल्यावर दिवळीत काकूंच्या रक्तदाबाच्या गोळ्या, आगपेटी, सुईदोरा आणि जुन्या चष्म्याचे घर, एवढे जमले. तिच्या कमानीला आतून काजळी धरली होती. मुलगा ती खरवडून चुना मारायला निघाला तर काकू म्हणाल्या, “राहू दे रे, ती कोणाला चावते?” थाळीएवढे ते पांढरे यंत्र काजळीच्या कमानीखाली बसले. तार माळ्यावरून, माजघराच्या कोपऱ्यातून, दिवळीत उतरली. सुनेने नकाशा आणून नवे आकडे लिहिले: माजघरात उणे ४४, चुलीच्या ओट्यापाशी उणे ४७. ओटीइतके नाही, पण जवळजवळ.

संध्याकाळी सातला वडोदऱ्याहून फोन आला तेव्हा काकूंनी तवा उतरवला नाही. मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला. पलीकडे मुलगी थोडा वेळ काहीच बोलली नाही; मग म्हणाली, आई, फोन जरा डावीकडे वळव. कांद्यांची माळ दिसली. मग म्हणाली, खाली. पाटा-वरवंटा दिसला, त्याच्या मागे भिंतीवर तिनेच लहानपणी कोळशाने काढलेली पण चुन्याच्या चार थरांखाली गेलेली पानाची वेल दिसत नव्हती, तरी ती कुठे होती ते तिने बोटाने पडद्यावर दाखवले. काकूंना बोट दिसत नव्हते, कारण त्या पाठ करून भाकरी उलटत होत्या. त्यानंतर दोघी बराच वेळ विशेष बोलल्या नाहीत. तिकडे मुलगी भाजी निवडत बसली होती, इकडे भाकरी फुगत होती, आणि मधूनच कोणीतरी विचारी की मीठ किती घातलेस.